आधी नकली डेटा, मग मॉडेल: ओल्ड फेथफुलच्या २७२ नोंदींवर एक संपूर्ण विश्लेषण

प्रोग्रामिंगमधून स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या बहुतेकांची सुरुवात एका कमांडपासून होते. डेटा वाचला, मॉडेल बसवलं, समरी छापली, पी-व्हॅल्यूशेजारचे तारे मोजले आणि काम झालं. (पी-व्हॅल्यू म्हणजे संबंध मुळात नसता तरी इतका ठळक आकडा निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता.) आकडे येतात, पण ते कितपत खरे हे कळायला काही मार्ग नसतो, कारण खरं उत्तर कुणालाच ठाऊक नसतं.

त्यावर एक चांगला उपाय आहे आणि तो वापरायला कॉम्प्युटरच लागतो. मॉडेल म्हणजे डेटा तयार करण्याची कृती. ती कृती प्रोग्राममध्ये लिहून चालवता येते, हव्या तितक्या वेळा. स्वतः ठरवलेल्या आकड्यांवरून नकली डेटा बनवायचा आणि आपली पद्धत ते आकडे परत शोधून काढते का हे बघायचं. पुढे खऱ्या डेटावर मॉडेल बसवल्यावर त्याच मॉडेलकडून पुन्हा नकली डेटा काढायचा आणि तो खऱ्यासारखा दिसतो का हे तपासायचं. हा संपूर्ण लेख या दोन हालचालींभोवती आहे. लूप, फंक्शन, सरासरी आणि प्रमाण विचलन एवढं माहीत असेल तर पुरे.

भाषा कुठलीही घ्या. आरमध्ये हा डेटा 'फेथफुल' नावाने आधीच बसवलेला असतो. पायथनवाल्यांना तो सीबॉर्न लायब्ररीत 'गीझर' नावाने मिळतो आणि मॉडेलसाठी स्टॅट्समॉडेल्स चालतं. 'आर चांगलं की पायथन' या वादात घालवलेला वेळ नकली डेटा बनवण्यात घालवलात तर जास्त शिकाल.

प्रश्न आणि डेटा

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ओल्ड फेथफुल नावाचं गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं आहे. ते काही मिनिटं उसळतं, थांबतं, पुन्हा उसळतं. आपल्याकडे २७२ नोंदी आहेत आणि प्रत्येकीत दोनच आकडे: उद्रेक किती मिनिटं चालला आणि त्यानंतर पुढच्या उद्रेकासाठी किती मिनिटं थांबावं लागलं. प्रश्न असा की उद्रेक आत्ताच संपला, तो किती वेळ चालला हे माहीत आहे, तर पुढचा कधी होईल? हा प्रश्न पुस्तकी नाही. उद्यानाचे कर्मचारीही मागच्या उद्रेकाचा कालावधी बघूनच पुढच्याचा अंदाज फलकावर लावतात.

कॉलमचा नेमका अर्थ काय, हे मॉडेलच्या आधी वाचा. याच कारंज्याची दुसरी एक प्रत आरच्या 'मास' पॅकेजमध्ये आहे, ऑगस्ट १९८५ मधली, २९९ नोंदींची. तिथे प्रतीक्षेचा कॉलम त्या उद्रेकाच्या *आधीची* प्रतीक्षा सांगतो, नंतरची नाही. म्हणजे पुढचा अंदाज बांधायचा तर एक कॉलम एका ओळीने सरकवावा लागतो. तसं न करता आलेख काढला तर उतार उलटा दिसतो: जास्त वेळ थांबलं की पुढचा उद्रेक छोटा, असा. सरकवला की उतार सरळ होतो. डेटा तोच, पण एका ओळीच्या फरकाने चिन्ह बदलतं आणि प्रोग्राम एकही इशारा देत नाही.

कामाची मांडणी

इथे फार रेंगाळायचं कारण नाही. मूळ फाइलला हात लावू नका. जी काही साफसफाई करायची ती स्क्रिप्टमधून करा. कन्सोलवर टाइप केलेलं उद्या आठवणार नाही, म्हणून सगळं स्क्रिप्टमध्ये लिहा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला रँडम आकड्यांसाठी सीड, म्हणजे सुरुवातीचा आकडा, ठरवून द्या, म्हणजे तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवली तर तेच आकडे येतील. नोटबुक वापरत असाल तर शेवटी सगळं बंद करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवा. बऱ्याच नोटबुक इथेच अडखळतात.

आधी नुसतं बघा

उद्रेकाचा कालावधी १.६ ते ५.१ मिनिटांच्या दरम्यान आहे, सरासरी साधारण ३.४९. प्रतीक्षा ४३ ते ९६ मिनिटं, सरासरी ७०.९. एवढ्यावर थांबलात तर वाटेल की नेहमीचा उद्रेक साडेतीन मिनिटांचा असतो. आता हिस्टोग्राम काढा. दोन उंचवटे दिसतील, एक दोन मिनिटांच्या आसपास आणि दुसरा सव्वाचारच्या पुढेमागे. साडेतीनच्या जवळ मात्र फारच थोडे उद्रेक आहेत. सरासरी उद्रेक म्हणून जो आकडा आला, तसा उद्रेक प्रत्यक्षात क्वचितच होतो.

हिस्टोग्रामचे डबे रुंद ठेवले तर दोन उंचवट्यांमधली दरी बुजते, फार अरुंद केले तर नुसतं कंगव्यासारखं चित्र दिसतं. म्हणून तीन-चार रुंदींनी काढून बघा. अरुंद डब्यांचाही एक उपयोग असतो: माणसाच्या हाताचे ठसे दिसतात. या नोंदी मुळात सेकंदांत घेतलेल्या आहेत आणि पाचच्या पटीतले सेकंद अपेक्षेपेक्षा जास्त वेळा येतात, कारण घड्याळ बघणारा माणूस आकडा गोल करतो. १९८५ च्या प्रतीत तर रात्रीच्या काही उद्रेकांना 'छोटा', 'मध्यम', 'लांब' एवढंच लिहिलं होतं आणि नंतर त्यांच्या जागी २, ३ आणि ४ मिनिटं भरली गेली. एकाच आकड्यावर उभा असा खांब दिसला की समजा, तिथे मोजमाप झालेलं नाही.

नंतर स्कॅटर प्लॉट: आडव्या अक्षावर कालावधी, उभ्यावर प्रतीक्षा. ठिपक्यांचे दोन पुंजके दिसतील, एक डावीकडे खाली आणि एक उजवीकडे वर. सहसंबंध ०.९० येतो (ठिपके एका चढत्या रेषेवर चोख बसले असते तर १ आला असता). हे चित्र डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता नकली डेटा

खऱ्या डेटावर मॉडेल बसवायच्या आधी स्वतःचं एक छोटं विश्व तयार करा, ज्यातलं उत्तर तुम्हाला माहीत आहे. समजा नियम असा आहे: प्रतीक्षा = ३० + १० × कालावधी, आणि त्यात सहा मिनिटांच्या प्रमाण विचलनाचा नॉर्मल गोंधळ, म्हणजे घंटेच्या आकारात विखुरलेली रँडम भर-घट. कालावधी खऱ्या डेटातलेच घ्या. प्रोग्रामचा सांगाडा असा:

हजार वेळा हे करा:
– २७२ कालावधींसाठी गोंधळाचे २७२ रँडम आकडे काढा
– प्रतीक्षा = ३० + १० × कालावधी + गोंधळ
– त्यावर रेषीय मॉडेल, म्हणजे ठिपक्यांतून जाणारी सरळ रेष, बसवा
– उतार (कालावधी एक मिनिटाने वाढला की प्रतीक्षा किती वाढते) आणि त्याचा ९५ टक्के विश्वासांतराळ (खरा उतार ज्यात असावा तो पट्टा, पुढे नुसता 'अंतराळ') साठवा

मग मोजा: हजारपैकी किती अंतराळांत खरा उतार, म्हणजे १०, सापडला? ९५० च्या आसपास यायला हवं, दहा-पंधरा इकडेतिकडे. ७०० आले तर तुमच्या कोडमध्ये गडबड आहे किंवा पद्धत या कामाची नाही. हजारच्या हजार आले तर तेही संशयास्पद. अंतराळ गरजेपेक्षा रुंद निघताहेत.

आता साठवलेल्या उतारांचं प्रमाण विचलन काढा. ते ०.३२ च्या जवळ येईल. समरीच्या तक्त्यात 'स्टँडर्ड एरर' म्हणून जो आकडा छापून येतो तो हाच. सूत्र पाठ असलेल्यांनाही त्याचा अर्थ बहुधा इथे पहिल्यांदा दिसतो: पुन्हा पुन्हा डेटा गोळा केला असता तर उत्तर किती हललं असतं.

त्याच स्क्रिप्टमध्ये २७२ च्या जागी २० टाका. उताराचं विचलन १.२ च्या घरात जातं, जवळपास चौपट. खरा डेटा गोळा करण्यावर वेळ आणि पैसा खर्च करण्याआधी 'किती नोंदी लागतील' याचं उत्तर असं घरबसल्या मिळतं. माझ्या मते या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि तोच सगळ्यात कमी वापरला जातो.

खऱ्या डेटावर रेष

आता खरी प्रतीक्षा वापरा. आरमध्ये 'एलएम', स्टॅट्समॉडेल्समध्ये 'ओएलएस'. रेष अशी येते: प्रतीक्षा = ३३.४७ + १०.७३ × कालावधी. उताराची स्टँडर्ड एरर ०.३१, म्हणजे अंतराळ साधारण १०.१ ते ११.४. शिल्लक गोंधळाचं प्रमाण विचलन ५.९१ मिनिटं. आर-वर्ग ०.८१, म्हणजे प्रतीक्षेतल्या चढउताराचा ८१ टक्के भाग रेषेने टिपला.

३३.४७ हा आकडा म्हणजे शून्य मिनिटं चाललेल्या उद्रेकानंतरची प्रतीक्षा. असा उद्रेक नसतोच. म्हणून कालावधीतून ३.५ वजा करा आणि पुन्हा बसवा. उतार तोच राहतो, पण स्थिरांक ७१.० होतो, ज्याला अर्थ आहे: साडेतीन मिनिटांच्या उद्रेकानंतर सरासरी ७१ मिनिटं. त्याची स्टँडर्ड एररही १.१५ वरून ०.३६ वर येते. मॉडेल तेच आहे, फक्त आपण आकडा कुठून वाचतो ते बदललं.

पी-व्हॅल्यू इतकी छोटी येते की प्रोग्राम ती नीट छापतही नाही. तिच्याकडून इथे काही शिकण्यासारखं नाही. दोन पुंजके बघून कुणीही सांगितलं असतं की संबंध आहे.

उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे. काहीच न बघता प्रत्येक वेळी '७१ मिनिटं' सांगितलं असतं तर किती चुकलो असतो? प्रतीक्षेचं प्रमाण विचलन १३.६ आहे. रेषेने ते ५.९ वर आणलं. आता आणखी बाळबोध नियम घ्या: उद्रेक तीन मिनिटांहून छोटा असेल तर छोट्या गटाची सरासरी सांगा, लांब असेल तर लांब गटाची. छोट्यांची सरासरी ५४-५५ मिनिटांच्या दरम्यान येते, लांबांची ८०. या नियमाची चूक किती? तीही सहा मिनिटांच्याच आसपास.

इथे थांबून विचार करा. ०.८१ आर-वर्गाची रेष, तक्त्यातले सगळे तारे, आणि ती 'छोटा असेल तर ५५, लांब असेल तर ८०' या दोन शब्दांच्या नियमाच्या पुढे जेमतेम जाते. कुठलंही मॉडेल दाखवताना शेजारी असा एखादा बाळबोध नियम ठेवायलाच हवा. तो नसेल तर ०.८१ चांगलं की वाईट हे कुणी सांगू शकत नाही.

मॉडेलकडून नकली डेटा काढून तपासणी

आता दुसरी हालचाल. बसवलेल्या रेषेकडून २७२ नकली प्रतीक्षा काढा: ३३.४७ + १०.७३ × कालावधी + ५.९१ विचलनाचा गोंधळ. असे वीस संच काढा आणि त्यांच्या स्कॅटर प्लॉटमध्ये खरा प्लॉट लपवा. कुणाला तरी ओळखायला सांगा. नुसत्या प्रतीक्षेच्या हिस्टोग्रामवरून ओळखणं अवघड जातं, कारण दोन उंचवटे कालावधीतूनच येतात आणि ते आपण जसेच्या तसे घेतले आहेत. म्हणून जिथे शंका आहे तिथे नेमकं बोट ठेवणारं माप निवडावं लागतं.

शंका कुठे आहे? रेसिड्युअल, म्हणजे खरी प्रतीक्षा वजा अंदाज, कालावधीसमोर मांडून बघा. लांब उद्रेकांच्या पुंजक्यात डावीकडचे ठिपके शून्याच्या वर जास्त आहेत आणि उजवीकडचे खाली. म्हणजे पुंजक्याच्या आत उतार कमी आहे आणि दोन पुंजक्यांमध्ये उडी आहे. एकच रेष ही उडी आणि उतार दोन्ही एकट्याने सांभाळायला जाते.

तर माप हे: फक्त तीन मिनिटांहून लांब उद्रेक घ्या आणि त्यांच्यातला उतार काढा. हजार नकली संचांत तो १०.७ च्या आसपास फिरतो, साधारण एकने कमीजास्त. खऱ्या डेटात तो जवळपास निम्मा निघतो. नकली संचांत इतका कमी उतार दिसतच नाही. मॉडेल कुठे मोडतं हे आता तुमच्याकडे आकड्यात आहे.

दुरुस्ती सोपी: छोटा की लांब सांगणारा ०-१ असा एक कॉलम जोडा आणि कालावधीबरोबर तोही मॉडेलमध्ये घाला. चूक साडेपाच-पावणेसहा मिनिटांच्या घरात येते. फायदा मोठा नाही, पण आता 'उद्रेक एक मिनिटाने लांबला तर प्रतीक्षा किती वाढते' या प्रश्नाचं उत्तर बदललं आहे. नुसता अंदाज हवा असेल तर बाळबोध नियमही चालला असता. कारंज्याच्या वागण्याबद्दल काही म्हणायचं असेल तर ही दुरुस्ती टाळता येणार नाही. कुठलं मॉडेल 'बरोबर' हे प्रश्नावर ठरतं, म्हणून प्रश्न पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

एक अंदाज, दोन अंतराळ

साध्या रेषेने चार मिनिटांच्या उद्रेकानंतरचा अंदाज येतो ७६.४ मिनिटं. प्रोग्रामला अंतराळ मागितला तर दोन मिळतात. सरासरीचा: ७५.६ ते ७७.२. एका नव्या नोंदीचा: ६४.७ ते ८८.१. पहिला सांगतो की असे खूप उद्रेक झाले तर त्यांची सरासरी कुठे असेल. बाकावर बसून वाट बघणाऱ्याला दुसरा हवा असतो. पहिला आकडा अरुंद आणि देखणा असल्यामुळे अहवालात तोच घुसतो आणि वाचणाऱ्याला वाटतं की मॉडेल मिनिटाच्या अचूकतेने सांगतंय. यलोस्टोनचा फलक दहा मिनिटं आधी-नंतरची सवलत ठेवतो, ती या दुसऱ्या अंतराळाच्या जातीची आहे.

न पाहिलेल्या डेटावर

ज्या डेटावर मॉडेल बसवलं त्यावरच चूक मोजली तर ती कमीच दिसणार. म्हणून डेटाचे दहा भाग करा, नऊवर बसवा, दहाव्यावर मोजा, आळीपाळीने. आपल्या रेषेत दोनच अज्ञात आकडे आणि २७२ नोंदी असल्यामुळे फरक नगण्य आहे, चूक ५.९ च्या आसपासच राहते. मॉडेलमध्ये वीस-तीस कॉलम असते तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची ठरली असती. एक पथ्य पाळा: सरासरी वजा करणं, रिकाम्या जागा भरणं, कॉलम निवडणं, हे सगळं त्या नऊ भागांच्या आतच व्हायला हवं. संपूर्ण डेटावर आधीच करून घेतलं तर दहाव्या भागाची माहिती आत झिरपते.

एकामागून एक घेतलेल्या नोंदी असतील तर भाग पत्त्यांसारखे पिसून करू नका, सलग तुकडे पाडा. १९८५ च्या सलग नोंदींत छोट्या उद्रेकामागून लांबच येतो. नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. रेसिड्युअल आधीच्या रेसिड्युअलसमोर मांडून बघा. काही आकार दिसला तर स्टँडर्ड एररवर पूर्ण भरवसा टाकू नका.

उत्तर हो-नाही असेल तर

रस्ता तोच, फक्त गोंधळाचा प्रकार बदलतो. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणानंतर लगेच फुटलेल्या अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचं उदाहरण घ्या. त्याआधीच्या २३ उड्डाणांच्या नोंदी आहेत: तापमान, आणि बूस्टरचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी ओ-रिंगला इजा झाली की नाही. सातमध्ये झाली होती. आदल्या रात्रीच्या चर्चेत इजा झालेल्या उड्डाणांवरच भर होता. त्यांच्याकडेच बघितलं तर तापमानाचा संबंध दिसत नाही. इजा न झालेली सोळा उड्डाणं जोडली की दिसतो, कारण ती बहुतेक उबदार दिवसांतली आहेत.

लॉजिस्टिक मॉडेल, म्हणजे हो-नाही उत्तराची शक्यता सांगणारं मॉडेल, बसवलं की इजेच्या लॉग-ऑड्ससाठी (इजा होण्याची शक्यता भागिले न होण्याची, आणि त्याचा लॉग) १५.०४ − ०.२३२ × तापमान येतं, तापमान फॅरेनहाइटमध्ये. त्या सकाळचे ३१ अंश टाकले तर शक्यता ०.९९९६. आकडा थरारक आहे, पण डेटातलं सगळ्यात थंड उड्डाण ५३ अंशांचं होतं. बावीस अंश बाहेर जाऊन केलेला हा अंदाज आहे. त्याचा ९५ टक्के अंतराळ निम्म्याच्या आसपासपासून जवळपास एकपर्यंत पसरतो. तेवीस नोंदींचे नकली संच मॉडेलकडून काढा, प्रत्येकावर पुन्हा मॉडेल बसवा आणि ३१ अंशांची शक्यता मांडा. आकडे भरपूर हलतात, काही संचांत तर मॉडेल नीट बसतही नाही. उड्डाण थांबवायला खालचं टोकही पुरेसं होतं. अहवालात मात्र ०.९९९६ एकटं लिहू नये.

मॉडेल वापरात आल्यावर

फेथफुलच्या नोंदींत सरासरी प्रतीक्षा ७१ मिनिटं आहे. आज तेच कारंजं सरासरी दीड तासाच्या आसपास थांबतं. भूकंपांनी जमिनीखालच्या वाटा बदलतात. १९५९ च्या हेबगेन लेक भूकंपानंतरही प्रतीक्षा वाढली होती. आपली रेष आज लावली तर ती जवळजवळ प्रत्येक वेळी लवकरची वेळ सांगेल, आणि दहा भागांची ती सगळी तपासणी याबद्दल एक शब्दही बोलणार नाही, कारण दहाही भाग जुन्याच काळातले होते. म्हणून मॉडेल वापरात असेपर्यंत प्रत्येक अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी साठवा. रेसिड्युअल सलग एकाच बाजूला पडायला लागले की स्थिरांक तरी सरकला आहे किंवा उतार. नव्या नोंदींवर दोन्ही पुन्हा बसवा, नकली डेटाच्या पायरीपासून.